वार्ता ऐकणारा आणि वार्ता देणारा

१९७१ च्या डिसेंबरात खिडक्यांना काळा कागद लावून आकाशवाणीच्या बातम्यांची वाट पाहणारी घरे आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असतील. युद्धाची वार्ता तेव्हा एकाच दिशेने येई; नागरिकाने ती ऐकावी आणि धीर धरावा. हे नाते किती पालटले आहे, याचा प्रत्यय युक्रेनच्या युद्धाने दिला.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष चढाई केली. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष झेलेन्स्की यांनी कीव्हच्या रस्त्यावरून, आपण राजधानीतच असल्याची चित्रफीत प्रसृत केली. ते पळून गेल्याच्या वदंतेला एवढे उत्तर पुरेसे ठरले. २६ तारखेस उपपंतप्रधान मिखाइलो फेदोरोव्ह यांनी स्वयंसेवी संगणकतज्ज्ञांच्या सेनेची घोषणा केली आणि टेलिग्रामवरून रशियन संकेतस्थळे लक्ष्य म्हणून नेमून दिली जाऊ लागली. मार्चमध्ये 'येव्होरोह' ही सेवा सुरू झाली. शत्रूचे सैन्य दिसल्यास नागरिकाने त्याचे ठिकाण व छायाचित्र टेलिग्रामवरून कळवावे, अशी तिची योजना होती. खोट्या वार्ता शिरू नयेत म्हणून कळवणाऱ्याची ओळख 'दिया' या शासकीय अ‍ॅपमधून पडताळली जाई.

परंतु हे शस्त्र दुधारी होते. स्वकीय सैन्याच्या हालचालीचे एखादे छायाचित्र शत्रूलाही वाटाड्या होऊ शकते. म्हणून त्याच मार्च महिन्यात अशी माहिती अनधिकृतपणे प्रसृत करणे युक्रेनने दंडनीय ठरविले. एकाच हातातील फोन एका क्षणी देशसेवा, तर दुसऱ्या क्षणी अपराध!

याहून गंभीर प्रश्न नागरिकाच्या संरक्षणाचा आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक मसुद्यानुसार, नागरिक लढाईत प्रत्यक्ष भाग घेत असेल तेवढ्या काळापुरते त्याचे हल्ल्यापासूनचे संरक्षण लोपते. रणगाड्याचे ठिकाण कळविणे हा असा प्रत्यक्ष भाग ठरतो काय, याविषयी कायदेपंडितांत मतभेद आहेत. खिडकीआड उभ्या असलेल्या आजीबाईंना मात्र हा वाद ठाऊक असण्याचा संभव कमीच.

आक्रमणाखाली सापडलेल्या जनतेने स्वस्थ बसावे, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र जे शासन नागरिकाकडे त्याचे डोळे मागते, त्याने त्या डोळ्यांना पुढचा धोकाही दाखविला पाहिजे. काळ्या कागदाआडच्या श्रोत्याला निदान आपण नागरिक आहोत, याविषयी शंका नव्हती.