सैनिकांचे निवृत्तिवेतन आणि सरकारी कर्ज

केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात संरक्षण खात्यासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. पैकी १ लाख ८० हजार कोटी शस्त्रसामग्री व अन्य भांडवली खर्चासाठी, तर सुमारे १ लाख ६१ हजार कोटी ३४ लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांसाठी होते. नव्या शस्त्रांचा खर्च आणि जुन्या सैनिकांचा निर्वाह असे जवळपास समपातळीवर आले आहेत.

याचे मूळ सैन्याच्या रचनेत आहे. सैन्य तरुण राहावे म्हणून बहुसंख्य जवानांना चाळिशीच्या आसपासच घरी पाठवले जाते. पुढे कित्येक दशके निवृत्तिवेतन द्यावे लागते. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या नागरी कर्मचाऱ्यांना अंशदायी योजना लागू झाली, सैन्यदलांना मात्र तीतून वगळण्यात आले. ते योग्यच होते. दिल्लीत जंतरमंतरवर माजी सैनिकांनी आंदोलन केल्यानंतर तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी ५ सप्टेंबर २०१५ रोजी 'समान पद, समान निवृत्तिवेतन' जाहीर केले. दर पाच वर्षांनी फेरआढावा त्यातच आला. डिसेंबर २०२२ मधील पहिल्या फेरआढाव्याने वार्षिक भार सुमारे ८,४५० कोटींनी वाढला. थकबाकी एकरकमी देणे सरकारला जमेना. हप्त्यांचे वेळापत्रक अखेर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ठरवून द्यावे लागले.

दुसऱ्या बाजूला कर्जाचे बंधन आहे. वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्राचे कर्ज २०२४-२५ अखेर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४० टक्क्यांवर यायचे होते. सुधारित अंदाजात ते ५७ टक्क्यांच्या घरात राहिले. आता मार्च २०३१ पर्यंत ५० टक्क्यांच्या आसपास येण्याचे उद्दिष्ट आहे.

जून २०२२ मधील 'अग्निपथ' योजनेकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. सैन्य तरुण करणे हा सरकारने सांगितलेला हेतू. पण चार वर्षांनंतर कमाल २५ टक्के अग्निवीर कायम होणार आणि उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही, हा तिचा आर्थिक गाभा आहे. त्यांना मिळणाऱ्या सुमारे ११ लाख ७१ हजारांच्या सेवानिधीतील निम्मा वाटा त्यांच्याच वेतनातून कापलेला असतो. शिवाय बचत लगेच दिसणार नाही. २०२२ पूर्वी भरती झालेले जवान अजून अनेक वर्षे निवृत्त होत राहतील आणि त्यांचे हक्क कायम आहेत. साताऱ्यातील अपशिंगे मिलिटरीसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जाणाऱ्या गावांत मात्र नव्या भरतीचा हिशेब आतापासूनच बदलला आहे.

केंद्राने २०२५-२६ मध्ये केवळ व्याजापोटी १२ लाख ७६ हजार कोटींची तरतूद केली होती. निवृत्तिवेतनासह संपूर्ण संरक्षण खर्चाच्या ती पावणेदोन पटींहून अधिक भरते.