माजी सैनिक : मानसिक आरोग्य व रोजगार (बारामती–इंदापूर)

सैन्यातून निवृत्त झालेल्या जवानाला गावाकडे काम मिळावे आणि त्याचे मन तिथे रुळावे यासाठी शासन काय करते आणि त्याचा कितपत उपयोग होतो, याचा अभ्यास. भारतात या अभ्यासाची नोकरीची बाजू जुनी आहे, मनाची बाजू अलीकडची आणि फार तोकडी. धोरणात या दोन बाजू दोन वेगळ्या फायलींत राहिल्या. माणूस मात्र एकच असतो, आणि या विषयातली बहुतेक अडचण तिथूनच सुरू होते.

भारतात दरवर्षी सुमारे साठ हजार सैनिक निवृत्त होतात. जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची सेवा लागते, त्यामुळे अनेक जण चाळिशीच्या आतबाहेर घरी येतात. बारामती तालुक्यात नीरा डाव्या कालव्याखालचा ऊस एकीकडे आणि सुपे, मोरगावकडची जिरायती शिवारे दुसरीकडे. इंदापूरला उजनीच्या फुगवट्याकाठी बागायत आहे, पण पाणी सगळ्यांच्या वाट्याला आलेले नाही. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या घरातल्या पोराला भरती हा खात्रीचा पगार वाटत आला आहे. तो ‘पेन्शनीला येतो’ तेव्हा हुद्दा कोणताही असो, गाव त्याला ‘मेजर’ म्हणते. हा मान मनापासूनचा असतो, पण त्याने घर चालत नाही. एकरकमी मिळालेला पैसा घर, बोअर आणि बहिणीचे किंवा मुलीचे लग्न यांत जातो. इतकी वर्षे बायकोने एकटीने चालवलेल्या संसारात आता निर्णय कोणी घ्यायचे, हा प्रश्न रोज चुलीपाशी उभा राहतो. भावाशी बांधावरून बोलाचाली होते. झोप लागत नाही, राग लवकर येतो, आणि लोक म्हणतात, ‘मिलिटरीतनं आल्यापासनं तापट झालाय.’ यापुढे चौकशी सहसा होत नाही.

रोजगाराची यंत्रणा कागदावर भक्कम आहे. राज्य सेवेतील गट क आणि ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या गट क पदांत १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड पदांत २० टक्के. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वास महासंचालनालय निवृत्तीच्या तोंडावर अभ्यासक्रम चालवते. पुण्यात राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे आणि २००२ मध्ये स्थापन झालेले ‘मेस्को’, म्हणजे माजी सैनिक महामंडळ, तेही पुण्यातच. तरीही राखीव जागा पूर्ण भरल्या जात नाहीत, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने वारंवार नोंदवले आहे. पात्रतेच्या अटी जुळत नाहीत, जाहिरात वेळेत कळत नाही. इंदापूरहून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठायचे तर पुण्यापर्यंत सुमारे १३५ किलोमीटर जावे लागते. डिस्चार्ज बुकात एखादी नोंद राहिली तर पुन्हा तीच एसटी.

उरते ते सुरक्षारक्षकाचे काम. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वाहने, पोलादी सुटे भाग, चॉकलेट असे बरेच काही बनते. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर येथे साखर कारखाने आहेत. यांपैकी कुठल्याही फाटकावर सकाळची पाळी बदलताना थांबून पाहावे. बुटाला पॉलिश, शर्टाला कडक इस्त्री, वहीत रेघ आखून गाडी नंबर लिहिणारा हात. याच हाताने कधी रणगाड्याचे इंजिन उतरवून पुन्हा बसवलेले असते. काम हलके नाही, पण त्याच्या कौशल्याचा तिथे उपयोग नाही. निवृत्तांना किती नोकऱ्या मिळाल्या हे मोजले जाते. मिळालेली नोकरी त्या माणसाला शोभणारी होती का, हे नाही.

मनाच्या बाजूचे ज्ञान अधिकच अपुरे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५–१६ मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. लष्करी मानसशास्त्राचे बहुतेक संशोधन सेवेतल्या सैनिकांवर होते. निवृत्तीनंतरचा माणूस त्याच्या कक्षेतून निसटतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘टेलि-मानस’ या शासकीय दूरध्वनी समुपदेशन सेवेचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला (क्रमांक १४४१६). पाऊल मोलाचे आहे. पण फोन लावायला आधी आपल्याला त्रास आहे हे कबूल करावे लागते, आणि सैन्यात शिकवलेल्या गोष्टींत ते बसत नाही. शिवाय कागदावर मानसिक आजाराचे नाव लागले की पेन्शनीत ‘हा आजार सेवेमुळेच झाला का’ हा वाद सुरू होतो. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीरपाल सिंग खटल्यात अशाच एका जवानाच्या मनोविकाराच्या निदानाची फेरतपासणी करण्यास सांगितले. त्याची सेवा १९७० च्या दशकातच संपली होती.

काम आणि उपचार एकत्र ठेवण्याची कल्पना पुण्याला नवी नाही. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांना हातकाम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट नंतर खडकीला आली आणि आजही तिथे आहे. तुटलेल्या पायासाठी जे शंभर वर्षांपूर्वी सुचले, ते विस्कटलेल्या झोपेसाठी अजून सुचलेले नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत युद्धोत्तर मानसिक आघात असलेल्या ५४१ माजी सैनिकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने आधी तात्पुरते काम दिले. दुसऱ्या गटाला मनोविकार उपचारांसोबतच थेट खुल्या बाजारातली, त्याच्या पसंतीची नोकरी शोधून दिली आणि नोकरी लागल्यावरही मदतनीस सोबत राहिला. दीड वर्षात स्थिर नोकरी टिकवणारे पहिल्या गटात २३.३ टक्के होते, दुसऱ्यात ३८.७.

अशी चाचणी बारामतीत करता येण्यासारखी आहे. २०१९ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे, कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत, आणि माजी सैनिक संघटनांच्या सभांना माणसे येतात. तालुक्यातच आठवड्यातून एक दिवस सैनिक कल्याणचा माणूस आणि समुपदेशक एकाच टेबलावर बसले, तर नोकरीच्या अर्जासाठी आलेला जवान झोपेबद्दलही बोलेल. ‘मन दाखवायला’ म्हणून तो वेगळ्या दारातून येणार नाही.

हा प्रश्न आता तातडीचाही झाला आहे. अग्निपथ योजनेत जून २०२२ नंतर भरती झालेल्यांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार आहेत. बाकीचे चार वर्षांनी सुमारे ११.७१ लाख रुपये सेवानिधी घेऊन परततील. त्यांना पेन्शन नाही. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीच्या आसपास सुरू झाले, म्हणजे त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस किंवा २०२७ च्या आरंभी भरतात. ही मुले तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर असतील.