शस्त्रांचे आकडे आणि गाविलगडचा झरा

शस्त्र दिसताच त्याचे मोजमाप घ्यावेसे वाटणे हा मनुष्याचा फार जुना स्वभाव आहे. तलवार हाती घेणारा आधी तिचे वजन अजमावितो, बंदूक पाहणारा ती किती दूर मारते हे विचारतो, आणि गडावरील तोफेजवळ गेलेला प्रवासी तिची लांबी वितींनी मोजू लागतो. या जिज्ञासेत वावगे काही नाही. परंतु आकडा एकदा कागदावर उतरला म्हणजे त्यास एक प्रकारचा अधिकार प्राप्त होतो, आणि जे मोजले गेले नाही ते जणू घडलेच नाही असा भास तो उत्पन्न करितो. इतिहासाच्या अभ्यासकास हा भास कितपत घातक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

या विचारास निमित्त झाले ते एका विद्यार्थ्याने आम्हांस आणून दाखविलेल्या तक्त्याचे. हल्ली ज्यास इन्फोग्राफिक म्हणतात व ज्यास आपण आकडेचित्र म्हणू, त्या जातीचा तो तक्ता होता. तरुण मंडळी व्हिडिओ गेममध्ये जी युद्धे खेळतात त्यांतील वीसबावीस शस्त्रे त्यात ओळीने मांडलेली असून, प्रत्येकापुढे घाव, पल्ला, माऱ्याचा वेग आणि पुन्हा भरण्यास लागणारा वेळ अशा चार आडव्या पट्ट्या रंगविल्या होत्या. काम नीटनेटके होते व आम्ही त्याचे कौतुकही केले. तेव्हा उत्साहाने तो म्हणाला, ‘‘सर, आता असाच तक्ता १८०३ च्या गाविलगडचा करतो. कोणाची तोफ किती भारी होती हे एकदा मांडले, की कोण का जिंकले ते आपोआप दिसेल.’’ हे ‘आपोआप’ आमच्या मनात सलत राहिले.

प्रथम खेळातील आकड्यांचा न्याय पाहू. समजा, एका बंदुकीचा घाव ४० असून ती सेकंदास १० गोळ्या सोडते. दुसरीचा घाव १००, परंतु गोळी सेकंदास एकच. गुणाकार केला तर पहिलीचा मारा सेकंदास ४०० आणि दुसरीचा १००. म्हणजे पहिली चौपट बलवान ठरली. पण प्रतिपक्षाचे प्राण १०० च असतील, तर दुसरीची पहिलीच गोळी त्यास पुरे होते. पहिलीस मात्र तीन गोळ्या लागतात, आणि तिसरी गोळी सुटेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा निघून जातो. चौपट बलवान शस्त्र येथे मागे पडले! शिवाय घावाची पट्टी लांब म्हणजे शस्त्र चांगले, आणि भरण्याच्या वेळेची पट्टी लांब म्हणजे शस्त्र वाईट. दोन्ही पट्ट्या एकाच रंगात शेजारी शेजारी काढल्या तर पाहणारा फसणारच. तात्पर्य, खेळातील आकडेदेखील विचारावाचून बोलके होत नाहीत.

तथापि खेळाच्या आकड्यांस एक मोठी सोय आहे. तेथे आकडा हेच शस्त्र होय. त्यापलीकडे त्या शस्त्रास अस्तित्वच नाही. ही परंपरा मनोरंजक आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळावयाचा एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात बंदुका व तोफा यांच्या माऱ्याचा परिणाम फासे आणि कोष्टके यांवरून ठरविला जाई. पुढे १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात प्रारंभी सर्व शस्त्रांचा घाव एकाच सहा बाजूंच्या फाशाने मोजीत. सुरी काय आणि परशू काय, दोन्ही सारखीच. १९७५ च्या पुरवणीत शस्त्रागणिक निराळे फासे आले. संगणकावरील खेळांनी हाच वारसा उचलला. एखादे शस्त्र फारच वरचढ ठरू लागले, तर खेळाचे कर्ते त्याचा आकडा उतरवून समतोल साधितात. इतिहासात असा समतोल साधणारा कर्ता कोणी नसतो.

कोणी म्हणेल, शस्त्रांची अशी आकडेवारी हे आजचेच खूळ आहे. तसे मुळीच नाही. अबुल फजलाने ‘आइने अकबरी’त बादशाही शस्त्रागाराचे जे प्रकरण लिहिले आहे, त्यात शस्त्रांची नावे व त्यांच्या किमती ओळीने दिल्या आहेत. तलवारीची किंमत अर्ध्या रुपयापासून पंधरा मोहरांपर्यंत आहे. मोहर नऊ रुपयांची धरली म्हणजे सर्वांत हलक्या व सर्वांत भारी तलवारीत दोनशे सत्तर पटींचे अंतर पडते. बादशहाच्या खास शस्त्रांस नावे असत आणि त्यांच्या पायऱ्याही ठरलेल्या असत. तोड्याच्या प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचे वजन, ते कोठून आणिले ते ठिकाण, कारागिराचे नाव, घडविल्याची जागा, तारीख व क्रमांक ही कोरण्याची पद्धत होती. इतकेच नव्हे, तर कोणत्या बंदुकीने किती शिकार झाली याचीही नोंद होई. ‘संग्राम’ नावाच्या अकबराच्या आवडत्या बंदुकीच्या नावावर १,०१९ जनावरे मांडलेली आहेत. आजच्या खेळाडूस हे सर्व वाचून आपल्याच घरी आल्यासारखे वाटेल!

परंतु याच ‘संग्राम’ने १५६८ साली चितोडच्या वेढ्यात जयमल राठोड पडला असे अबुल फजलच सांगतो. शिकारीच्या हजारावर जनावरांपेक्षा त्या एका गोळीने अधिक घडविले; कारण जयमल पडताच गडाचा धीर खचला. शिकारीच्या बेरजेत मात्र त्या गोळीस जागा नाही. आकडा खरा असूनही तो मुख्य गोष्ट सांगत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

याच ग्रंथात वऱ्हाडचे वर्णन आले आहे. कारण १५९६ साली हा प्रांत मोगलांच्या पदरी पडला होता. तेथे गाविलगडाविषयी एक लहानसे वाक्य आहे. हा दुर्ग बहुतेक अजोड असून त्यात एक झरा आहे व त्याच्या पाण्याने पोलादी हत्यारांस पाणी देतात, अशा आशयाचे ते आहे. शस्त्रांच्या किमती दामरुपयांत मोजणाऱ्या ग्रंथकारास त्या पाण्याची किंमत मात्र मांडता आली नाही. त्याने ते नुसते सांगून ठेविले. ही गोष्ट आम्हांस फार मार्मिक वाटते. जे मोजता येत नाही ते निदान नमूद तरी करावे, हा इतिहासकाराचा धर्म त्याने येथे पाळला आहे.

आता मापाचा प्रश्न घ्या. अकोला जिल्ह्यातील नरनाळ्यावर जी प्रसिद्ध तोफ आहे, तिचे नावच ‘नऊगजी’ आहे. आकडा हेच नाव! पण नऊ गज म्हणजे किती? अकबराचा इलाही गज ४१ अंगुळांचा होता. इतर गज त्याहून निराळे होते, आणि इंग्रजी अमदानीत गज म्हणजे ३६ इंचांचा वार असे रूढ झाले. तेव्हा कोणता गज हे ठरविल्यावाचून या तोफेची पट्टी इंग्रजांच्या तोफांच्या पट्टीशेजारी काढणे म्हणजे शेर आणि पायली यांची बेरीज करणे होय. त्यात इंग्रजी तोफांची नावे तर लांबीवरून नसून गोळ्याच्या वजनावरून आहेत. बारापौंडी तोफ म्हणजे बारा पौंडांचा गोळा फेकणारी तोफ.

चित्र काढण्याचेही काही नियम आहेत. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषांनी व पट्ट्यांनी दाखविण्याचा प्रघात पाडला. पट्टी शून्यापासून सुरू झाली पाहिजे, हे त्यातील पहिले पथ्य. तोफेचे चित्र दुप्पट उंच काढले तर ते रुंदीसही दुप्पट होते आणि कागदावर चौपट जागा व्यापते. म्हणून दुपटीचा आकडा चौपट दिसू नये, हे दुसरे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी क्रिमियाच्या युद्धातील मृत्यूंची जी चित्रे १८५८ साली प्रसिद्ध केली, त्यांवरून शस्त्रांच्या घावांपेक्षा रोगांनी कितीतरी अधिक शिपाई मेले हे राज्यकर्त्यांस डोळ्यांनी दिसले. युद्धाच्या आकडेचित्रात शस्त्राचा वाटा लहान निघावा, हाच त्या चित्रांचा मोठा धडा आहे.

हा धडा मनात ठेवून आपण गाविलगडाकडे वळू. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा एलिचपुराहून दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या या किल्ल्यावर निघाल्या. वेलस्ली दक्षिणेच्या बाजूस राहिला; स्टीव्हन्सन डोंगरातून फिरून उत्तरेस लबाड्याकडे गेला. बारा तारखेच्या रात्री उत्तरेस जो मुख्य मोर्चा बांधला, त्यात अठरापौंडी दोन व बारापौंडी तीन अशा पाच लोखंडी तोफा होत्या. त्यांनी दोन दिवसांत बाहेरच्या तटास खिंडारे पाडिली. त्याच रात्री वेलस्लीनेही दक्षिण दरवाजाखालच्या डोंगरावर मोर्चा बांधिला. परंतु तेथे नेमलेल्या लोखंडी तोफा त्या चढावरून वर चढेचनात. केवळ बारापौंडी दोन पितळी तोफा तेथे लागल्या, आणि त्यांचा तटावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. दोन्ही बाजूंस एकाच सैन्याच्या लोखंडी तोफा. खेळाच्या तक्त्यात त्यांचा घाव, पल्ला व वेग यांच्या पट्ट्या एका मापाच्या निघतील. तरी उत्तरेस त्यांनी तट फोडिला आणि दक्षिणेस त्या मोर्च्यापर्यंतही पोहोचल्या नाहीत. हा भेद तोफेत नव्हता, वाटेत होता. उत्तरेकडील तोफा सुमारे तीस मैल, म्हणजे आपले पंधरा कोस, डोंगर व दऱ्या ओलांडून बहुतांशी माणसांनी हातांनी ओढून नेल्या, आणि तो रस्ताही त्या माणसांनीच आधी तयार केला. त्या पंधरा कोसांसाठी खेळाच्या तक्त्यात रकानाच नाही.

पुढची गोष्ट याहून बोधप्रद आहे. पंधरा तारखेस खिंडारातून फौज आत शिरली. पण आतल्या किल्ल्याच्या तटास खिंडार नव्हते. कॅप्टन कॅम्पबेल काही शिपायांसह एका कठीण जागी शिड्या लावून तटावर चढला व त्याने आतून दरवाजा उघडिला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. ज्या वस्तूने अखेरचा दरवाजा उघडला, ती शिडी. तिला घाव नाही, पल्ला नाही, वेग नाही.

‘भारी तोफ जिंकते’ हा समज त्याआधी पंधरवड्यापूर्वीच खोटा पडला होता. २९ नोव्हेंबर रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावच्या रानात लढाई झाली, तेव्हा भोसल्यांच्या तोफा सुरू होताच इंग्रजांकडील देशी शिपायांच्या तीन पलटणी मोडून पळाल्या. त्या काही कच्च्या नव्हत्या. असईच्या रणात त्या नीट लढल्या होत्या. वेलस्ली जवळ होता म्हणून त्या सावरल्या. त्याच दिवशी संध्याकाळी भोसल्यांच्या ३८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. दुपारी ज्या तोफांनी पलटणी पळविल्या, त्याच तोफा काही घटकांत गमावल्या. त्यांचे आकडे त्या अवधीत बदलले नव्हते.

अडगावच्या लढाईत इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून साडेतीनशेच्या वर भरले. ही गणती पलटणवार आहे. भोसल्यांकडील किती माणसे त्या रानात व रात्रीच्या चांदण्यातील पाठलागात पडली, याचे प्रतिपक्षाने केलेले अंदाज तेवढे आहेत. आता आकडेचित्र काढणाराने येथे काय करावे? इंग्रजांची पट्टी रेखून आपल्या बाजूस काहीच न काढले, तर पाहणारास तेथे शून्य दिसेल. अंदाजाची पट्टी पक्क्या रंगात काढली, तर ती मोजल्यासारखी दिसेल. दोन्ही असत्य होत. खेळात कोणत्याही शस्त्राचा रकाना रिकामा नसतो. इतिहासात रिकामा रकाना हाही एक पुरावा असतो: येथे माणसे होती, मेली, आणि त्यांची नावनिशी ठेवणारा कोणी उरला नाही. त्यांतील कित्येक याच पूर्णा खोऱ्यातील गावांची असतील. त्यांना शून्यात जमा करण्याचा अधिकार आम्हांस नाही.

१७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून गेला, पण गाविलगड व नरनाळा हे दोन्ही दुर्ग त्यांच्याकडेच राहिले. ज्या तटासाठी तोफा पंधरा कोस ओढल्या तो तट दोन दिवसांनी भोसल्यांस परत, आणि जेथे तटच नव्हता तो सपाट मुलूख गेला! हा हिशेबही कोणत्या तोफेच्या पट्टीत बसत नाही.

मग आकडेचित्र काढूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. आम्ही त्या विद्यार्थ्यास तक्ता अवश्य कर असे सांगितले. मात्र तोफांच्या पट्ट्यांबरोबर त्यांनी चाललेली वाट त्याच कागदावर मापाने काढ, शिडीसही एक ओळ दे, प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणी मोजला हे लिही, आणि जेथे मोजणी नाही तेथे तुटक रेषेची मोकळी चौकट ठेव, असे सुचविले. त्याने थोडा विचार करून विचारले, ‘‘आणि तो झरा?’’ आम्ही म्हणालो, चित्रात गड काढशील तेव्हा त्याचे नाव मात्र लिही, आकडा लिहू नको.