लिहायला बसायची जागा

पोर घरी अभ्यासाला बसतं तेव्हा वही कशावर ठेवतं? आपल्या बहुतेक घरांत मांडीवर, नाहीतर फरशीवर. पाठीला बाक, मान खाली, आणि उजेडाच्या वाटेत स्वतःचंच डोकं. घरी शिकणाऱ्या लेकरांसाठी आपल्या मुलखात कुणी काय काय करून दिलं, ते आज सांगतो.

कागद महाग होता तेव्हा पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. एक फळी, तिच्यावर बारीक धूळ पसरायची, बोटानं नाहीतर काडीनं अक्षर काढायचं आणि हात फिरवून पुसायचं. धुळाक्षरं हा शब्द तिथलाच. अशी शाळा कुणाच्या ओसरीवर नाहीतर देवळात भरायची. तिथं मुलींना जागा नव्हती, ती गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे.

लेकराच्या मापाचं सामान असावं, हे जगाला ठासून सांगितलं मारिया मॉन्टेसरी या इटलीतल्या डॉक्टरबाईंनी. 1907 साली रोम शहरातल्या मजुरांच्या वस्तीत त्यांनी बालघर काढलं आणि मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी, बुटकी टेबलं-खुर्च्या करून घेतल्या. हा विचार गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांनी 1920 साली बालमंदिरात आणला. 1923 साली आपल्या ताराबाई मोडक तिथं गेल्या. पण साहित्य महाग, आणि शिकणारी मुलं बहुतेक शहरातली, खात्यापित्या घरची. ताराबाईंना हे खटकत होतं.

1945 साली त्यांनी बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरात. सोबतीला अनुताई वाघ. या अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. पुढे शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि सगळा जन्म या कामाला दिला. सुरुवातीला आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळायचं, कुणी गुरांमागं जायचं. मग या दोघी शाळाच पाड्यावर घेऊन गेल्या. अंगणात मुलं जमवायची, त्यांना अंघोळ घालायची, नखं कापायची, गाणी-गोष्टी सांगायच्या. ती अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा, ती कुरणशाळा. महागड्या साहित्याच्या जागी शिंपले, खडे, बिया, पानं आली. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. 2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आपल्यातल्या कितीजणी तिथं सेविका-मदतनीस आहेत, पण नावामागच्या या दोन बाया फार थोड्यांना माहीत असतात.

आम्हाला यात मोठं वाटतं ते हे, की त्यांनी मूल जिथं होतं तिथलंच सामान हाती घेतलं.

अलीकडचंही सांगतो. 2014 च्या सुमारास नवी मुंबईच्या आरंभ संस्थेनं टाकाऊ पुठ्ठ्याच्या खोक्यांचे डेस्क केले. घडी घातली की दप्तर, उघडलं की लिहायला उतरती फळी. खर्च नगामागे साधारण 10 रुपये. पुठ्ठा आपल्या पावसात किती टिकेल, अशी शंका आम्हाला येते, पण युक्ती झकास. मग 2020 च्या मार्चात शाळा बंद झाल्या. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी कामगारांच्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. तिकडे अमेरिकेत हौशी लोकांनी गॅरेजमध्ये लाकडी डेस्क ठोकले आणि ज्या घरांत नव्हते तिथं फुकट दिले.

आपल्याकडे कोरोना गेला तरी घरी शिकणं संपत नाही. दसरा झाला की नारायणगडाच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. काही लेकरं आईबापासोबत फडावर जातात, कोपीत राहतात. काही आजीपाशी मागं राहतात. या मागं राहिलेल्यांची शाळा सुटली की अभ्यास घ्यायला घरात कुणी नसतं. आजीला अक्षर येत नाही. निदान बसायची एक जागा ठरलेली असली तर पोर संध्याकाळी तिथं बसतं, एवढं आम्ही पाहिलंय.

म्हणून आमच्या गटांनी फळांच्या रिकाम्या पेट्यांचे डेस्क करायला घेतलेत. सुतारदादा फळ्या कापून देतात, खिळे ठोकणं आणि घासणं आम्ही करतो. माप पट्टीनं घेत नाही. पोराला मांडी घालून बसवायचं, कोपर जिथं येईल त्याच्या बोटभर वर फळी. गुडघे खाली सहज गेले पाहिजेत. फळी पोराकडे किंचित उतरती, आणि खालच्या कडेला एक बारीक पट्टी, म्हणजे पेन्सिल घरंगळत नाही. सावकाराच्या दुकानातला दिवाणजी ज्या पेटीवर वह्या लिहायचा ना, तशीच. कडा मात्र नीट घासायच्या, लाकडाची कूस बोटात गेली की पोर पुन्हा जवळ जात नाही.

आधी आजीपाशी राहणाऱ्या लेकरांना, मग बाकीच्यांना, असं ठरलंय. फडावर जाणाऱ्यांसाठी दुमडणारा डेस्क करता येतो का, ते सुतारदादांशी बोलणं चाललंय, कारण ट्रॅक्टरमध्ये आधीच भांडीकुंडी, सरपण आणि शेळी असते. तुमच्याकडे रिकाम्या पेट्या पडल्या असतील तर पुढच्या बैठकीला घेऊन या. जुने खिळे तेवढे काढून आणा.