पाणवठा अडवण्याची शिक्षा पाच वर्षं : ‘किरकोळ’ गुन्हा किरकोळ कोणी ठरवला?

“एक चापट मारली, रागाच्या भरात चार शब्द बोलला, त्यात एवढं काय? त्यासाठी पाच वर्षं आत?” हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकलाय. पारावर ऐकलाय, तहसीलच्या आवारात ऐकलाय, शिकल्यासवरल्या मित्राकडूनही ऐकलाय. २०१६ च्या मोर्चांमध्ये तर ॲट्रॉसिटी कायदा बदला ही जाहीर मागणीच झाली. प्रश्न विचारणारा स्वतःला समतावादी म्हणवतो. चापट ती चापट, मग एका चापटीला एक शिक्षा आणि दुसरीला जास्त शिक्षा हा अन्याय नाही का, असं त्याचं म्हणणं.

या प्रश्नाला भावनेने उत्तर देऊन भागत नाही. इतिहासाने द्यावं लागतं.

पहिली गोष्ट, एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा ही या देशात ॲट्रॉसिटी कायद्याने आणलेली नवलाई नाही. मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडा. ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला १०० पण दंड, वैश्याला १५० किंवा २००, आणि शूद्राला थेट शारीरिक शिक्षा. उलट बाजूने ब्राह्मणाने शिवी दिली तर क्षत्रियासाठी ५०, वैश्यासाठी २५ आणि शूद्रासाठी १२ पण. शिवी एकच, दर वेगवेगळे. शेकडो वर्षं हे दरपत्रक धर्म म्हणून मानलं गेलं तेव्हा ‘चापट ती चापट’ म्हणणारे कुठे होते?

यावर लगेच कोणी म्हणेल, मग तुमचा कायदा म्हणजे उलटी मनुस्मृतीच झाली. नाही. मनूचा दर माणसाची जात बघून ठरायचा आणि वर असलेल्याला आणखी वर ठेवण्यासाठी ठरायचा. आपला कायदा कृत्य काय काम करतं ते बघतो. वस्तीतल्या एकाला चावडीसमोर जातीवरून शिवी देतात तेव्हा ती फक्त त्या एकाला नसते, सगळ्या वस्तीला दिलेली नोटीस असते : जागेवर राहा. भांडणातल्या शिवीला हे काम करता येत नाही. आरोपी दलितेतर असण्याची अट या कायद्यात आहे हे खरं, आणि ते लपवायचं कारण नाही. ही नोटीस ज्या दिशेने जाते त्याच दिशेला ती अट आहे.

१८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता आणली आणि कागदावर सगळे सारखे झाले. मनूचं दरपत्रक गेलं ही मोठीच गोष्ट. पण सगळे सारखे आहेत असं गृहीत धरून लिहिलेल्या कायद्याला पाणवठ्यावरची मारहाण म्हणजे दोन शेजाऱ्यांची हाणामारीच दिसणार.

हे सगळ्यात आधी ओळखलं ते आमच्या करवीरच्या राजाने. गडमुडशिंगीत वाढलेल्या पोराला ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. शाहू महाराज बाहेरगावी होते. परतल्यावर त्यांना कळलं आणि त्यांनी मारणाऱ्यांना स्वतः चाबकाने फोडून काढलं. पुढे गंगारामांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं आणि महाराज गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा मागवायचे, सोबतच्या सरदारांनाही प्यायला लावायचे. ही हकीकत आपण जयंतीला भाषणात सांगतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो.

पण राजाचा चाबूक म्हणजे कायदा नव्हे. राजा गावाला गेला की चाबूकही जातो, आणि ६ मे १९२२ ला तो राजाच गेला. महाराजांना हे समजत होतं असं त्यांच्या १९१९ च्या हुकुमांवरून दिसतं. शाळा, दवाखाने, विहिरी, धर्मशाळा, सरकारी कचेऱ्या इथे अस्पृश्यांना बरोबरीने वागवा. ज्या अधिकाऱ्याला हे पटत नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. चाबकापेक्षा मला हा हुकूम मोठा वाटतो. त्यात अत्याचार करणाऱ्याइतकंच तो चालू देणाऱ्या साहेबालाही धरलंय. आजच्या ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ हेच करतं : कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला ६ महिने ते १ वर्ष. कोल्हापूरच्या गादीने तो विचार सत्तर वर्षं आधी केला होता.

आता महाड. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहींवर हल्ला झाला, जेवणाची पंगत मोडली, माणसं रक्तबंबाळ केली. खटला झाला आणि जूनमध्ये पाच जणांना ४ महिन्यांची सक्तमजुरी लागली. बस्स. हजारो वर्षं बंद असलेलं पाणी खुलं करायला गेलेल्या माणसांची डोकी फोडण्याची किंमत चार महिने, कारण दंड संहितेच्या नजरेत तो एक दंगा होता.

तीन वर्षांनी, १९३० मध्ये, बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन गोलमेज परिषदेला गेले आणि अल्पसंख्याक उपसमितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना ठेवली. आपल्याकडे या योजनेतल्या मतदारसंघांवर हजार लेख झाले. शिक्षेच्या कलमांवर मात्र फारसं कोणी बोलत नाही. रस्ता, विहीर, तळं, शाळा, खाणावळ यांचा उपभोग कोणाला नाकारला तर त्याला बाबासाहेबांनी मागितलेली शिक्षा होती पाच वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. बहिष्कार हा त्यांनी स्वतंत्र गुन्हा मानला. तो घालणं, त्याला चिथावणी देणं, त्याची नुसती धमकी देणं, सगळंच शिक्षापात्र. त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला.

विहिरीच्या कलमाची भाषा कुठून आली हे बघण्यासारखं आहे. ती अमेरिकेच्या १८७५ च्या नागरी हक्क कायद्यातून आली, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी झालेल्या. तिथे ‘पूर्वीची गुलामगिरी’ होतं, तिथे बाबासाहेबांनी ‘पूर्वीची अस्पृश्यता’ घातलं. पण एक गोष्ट त्यांनी तशीच उचलली नाही, शिक्षा. अमेरिकन कायद्यात कैद होती ३० दिवस ते १ वर्ष. बाबासाहेबांनी ती पाच वर्षांवर नेली. बॅरिस्टर माणूस आकडा उगाच बदलत नाही. महाडचे चार महिने त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आणि स्वतंत्र भारताने काय दिलं? संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवली. त्यामागचा कायदा यायला १९५५ उजाडलं, आणि त्यात शिक्षा किती? जास्तीत जास्त ६ महिने, किंवा ५०० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे पन्नास रुपये दंड भरूनही सुटता येत होतं. वर कोर्टाच्या परवानगीने तडजोडीची सोय. गावात तडजोड कशी होते हे तुम्हाला मी सांगायला नको. पाटलाच्या ओसरीवर होते. १९७६ मध्ये त्याचा नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, तडजोड बंद झाली, किमान १ महिना कैद आली. कमाल मात्र सहा महिनेच.

पाच वर्षं हा आकडा शेवटी १९८९ च्या कायद्यात आला. सार्वजनिक ठिकाणी जातीवरून अपमान : ६ महिने ते ५ वर्षं. साध्या कायद्यात चिथावणीच्या अपमानाला कमाल २ वर्षं आहेत, नव्या न्याय संहितेतही तेवढीच. ‘एवढी शिक्षा अचानक कशी’ म्हणणाऱ्याला सांगा, अचानक नाही. १९३० साली मागितलेली आहे, पोचायला ५९ वर्षं लागली.

जगात हे फक्त आपल्याकडे आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने साध्या मारहाणीची कमाल शिक्षा, मारहाण वंशद्वेषातून असेल तर, ६ महिन्यांवरून २ वर्षं केली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात २ वर्षांचा गुन्हा द्वेषामुळे ७ वर्षांपर्यंत गेला, आरोपीला ४ वर्षं लागली, आणि १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने मान्य केलं. त्या खटल्यात आरोपी काळा होता आणि मार खाणारा मुलगा गोरा. ‘मनातल्या विचाराला शिक्षा देता’ हा आक्षेप तिथेही होता. न्यायालयाने सांगितलं, शिक्षा विचाराला नाही, त्या विचाराने माणूस निवडून मारण्याला आहे.

‘किरकोळ’ म्हणून सोडून दिलेल्या मारहाणीचं पुढे काय होतं हे बघायचं तर खैरलांजी बघा. भोतमांगे कुटुंबाच्या जवळच्या एका माणसाला आधी मारहाण झाली होती. घरातल्या मायलेकींनी आरोपी ओळखले. ते जामिनावर सुटले आणि २९ सप्टेंबर २००६ च्या त्याच संध्याकाळी घरावर जमाव आला. चार जीव गेले. आणि २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने फाशी सुनावली खरी, पण ॲट्रॉसिटीचा गुन्हा सिद्ध धरला नाही. जात त्या निकालातून गायबच झाली.

इथे आपल्यालाही थोडं कडू बोलावं लागेल. शिक्षा वाढली म्हणजे काम झालं, असं आपल्यातले पुष्कळ जण समजतात. पण शिक्षा जितकी मोठी, तितकं कोर्ट पुरावा बारीक बघतं आणि बचावाचा वकील फट शोधतो. मूळ कायद्यात, १० वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला जन्मठेप देणाऱ्या कलमात, गुन्हा ‘जातीच्या कारणावरून’ झाला हे सिद्ध करावं लागायचं. कितीतरी खटले त्या शब्दांवर आपटले. २०१५ च्या दुरुस्तीने तिथे ‘जात माहीत असताना’ असं केलं, आणि साध्या मारहाणीसारख्या गुन्ह्यांची वेगळी यादीही जोडली. गंमत म्हणजे या यादीतल्या गुन्ह्यांना कैद मूळ कायद्याइतकीच आहे, वाढलेली नाही! फरक पडतो तो दुसरीकडे : अटकपूर्व जामिनाला बंदी, उपअधीक्षक दर्जाचा तपास अधिकारी, विशेष न्यायालय, पीडिताला अर्थसाहाय्य. विरोधकांचा खरा राग याच गोष्टींवर आहे. कराडच्या प्रकरणातून २० मार्च २०१८ चा निकाल आला तोही शिक्षेबद्दल नव्हता, अटक आणि गुन्हा नोंदवण्याबद्दल होता. २ एप्रिलचा बंद झाला, कलम १८ अ आलं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं.

म्हणून ठाण्यात जाताना शिक्षेचा आकडा पाठ असण्यापेक्षा फिर्यादीत काय उतरतंय याकडे लक्ष द्या. शब्द काय वापरले ते जसेच्या तसे. जागा कोणती, तिथे बाहेरचं कोण उभं होतं, कारण ‘सार्वजनिक नजरेत’ हे सिद्ध झालं नाही तर अपमानाचं कलम पडतं, आणि २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका प्रकरणात चार भिंतींच्या मुद्द्यावर ते पडलंही आहे. आणि आरोपी फिर्यादीच्या घराला किती वर्षांपासून ओळखतो, कुठल्या कामाने येणंजाणं होतं, हे एक वाक्य विसरू नका. कलम ८ नुसार तशी ओळख दाखवली की जात माहीत होती असं कोर्ट गृहीत धरतं, माहीत नव्हती हे मग आरोपीने सिद्ध करायचं. ठाणे अंमलदार म्हणेल, हे लिहायची गरज नाही. लिहून घ्या, वाचून घ्या, मगच सही करा.