नारिंगी शंकूचं कूळ

नारिंगी-पांढरा शंकू ओळखत नाही असा कॉम्प्युटरवाला विरळाच. सिनेमा कुठल्याही फॉरमॅटमधला असो, व्हीएलसीत लावला की चालतो. पण हा प्लेअर मुळात जन्मला तो एका कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ इतरांपर्यंत पोचवण्याच्या खटपटीतून.

पॅरिसजवळ शातने-मालाब्रीला एकोल सांत्राल हे नामांकित इंजिनिअरिंग कॉलेज होतं. तिथल्या वसतिगृहाचं नेटवर्क विद्यार्थ्यांची संघटनाच सांभाळायची. ते जुन्या टोकन रिंग पद्धतीचं होतं. म्हणजे टोकन ज्याच्याकडे, त्यानेच माहिती पाठवायची. बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत थांबायचं. त्यावर गेम खेळणं जिकिरीचं. वेगवान नेटवर्कसाठी पैसे उभे करायचे, तर कारणही तसंच भक्कम हवं. ते सॅटेलाइट टीव्हीने पुरवलं: खोलीखोलीला डिश आणि डिकोडर बसवण्यापेक्षा एकच डिश लावू आणि कार्यक्रम नेटवर्कवरून सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर नेऊ. 1996 मध्ये ‘व्हिडिओलॅन’ सुरू झालं.

त्याचे दोन भाग होते. पाठवणारा सर्व्हर म्हणजे व्हीएलएस आणि घेणारा क्लायंट म्हणजे व्हीएलसी. घेणाऱ्याचं काम अवघड. नेटवर्कवर माहितीचे तुकडे वाटेत गळतात आणि थेट प्रक्षेपण त्यांच्यासाठी थांबत नाही. हाती आलं तेवढ्यावर चित्र उभं करायचं आणि पुढे जायचं. अर्धवट उतरलेली, बिघडलेली फाइलही व्हीएलसी नेटाने चालवतो, ती ही सवय.

1998 मध्ये विद्यार्थ्यांनी सगळा कोड नव्याने लिहिला. 1 फेब्रुवारी 2001 रोजी कॉलेजच्या संमतीने तो जीपीएल परवान्याखाली खुला झाला आणि जगभरचे प्रोग्रॅमर त्यात उतरले. पुढे सर्व्हरचं कामही व्हीएलसीतच आलं. आजही ‘मीडिया’ मेनूत ‘स्ट्रीम’ आहे. फाइल निवडा, एचटीटीपी घ्या, 8080 पोर्ट राहू द्या. त्याच वायफायवरच्या फोनमधल्या व्हीएलसीत कॉम्प्युटरचा पत्ता आणि पोर्ट टाका, की गाणं तिकडे वाजतं.

त्या मुलांनी आपली गरज भागवताना ही वाट सगळ्यांसाठी मोकळी ठेवली, याचं मोल मला फार वाटतं. घरच्या लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली असेल, तर ती माजघरातल्या दुसऱ्या पडद्यावर पाहायला ना कुणाची वर्गणी लागते, ना परवानगी.