सोलापुरांतील प्राथमिक शाळा : एक तुलना

प्राथमिक शाळांची तुलना करावयाची म्हणजे शाळांची व विद्यार्थ्यांची संख्या समोरासमोर मांडावी, अशी रूढि पडली आहे. सोलापूर जिल्ह्यापुरतें पाहतां ही रीति अपुरी ठरते. येथें शाळेचा खर्च कोणीं सोसला व मूल कोणत्या भाषेंत शिकलें, हें आधीं विचारलें पाहिजे.

जुनी शाळा पंतोजीची. देवळाच्या ओवरींत अथवा एखाद्या गृहस्थाच्या पडवींत ती भरे. धुळाक्षरें, मोडी वळण, उजळणी, पावकी-निमकी-पाउणकी एवढाच तिचा अभ्यासक्रम. पालक देतील त्या शिध्यावर व पैशांवर पंतोजीचा निर्वाह. १८५५ सालीं विद्याखातें निघाल्यानंतर छापील पुस्तकें, नकाशे व तपासनीसांची परीक्षा आली. नव्या शाळेची योग्यता निर्विवाद आहे. तथापि तोंडी हिशेबाकरितां मुलास पंतोजीकडेच धाडणाऱ्या व्यापाऱ्यास अडाणी म्हणणें अन्यायाचें होईल.

खरी विषमता द्रव्याची. १८६० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्यावर रुपयामागें एक आणा लोकलफंड बसला. त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे रुपयामागें चार पै, शिक्षणाकडे जाई. करमाळें, माढें, सांगोलें अशा अवर्षणाच्या तालुक्यांतील कुणब्यानेंहि तो भरावयाचा. १८७६-७७ च्या दुष्काळांत या जिल्ह्याची काय दशा झाली, हें वाचकांस ठाऊकच आहे. असें असतां खेड्यांच्या या पैशांतून शहरांतील शाळांसहि वांटा जाई. १८८२ च्या हंटर कमिशनानें ग्रामीण व नागरी शाळांचे निधि पृथक् ठेवावेत अशी शिफारस केली, ती याचसाठीं. त्याच कमिशनापुढील निवेदनांत जोतीराव फुले यांनीं, रयतेच्या श्रमाचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणाकडे वळतो, असें स्पष्ट बजावलें होतें. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची. तिला उत्पन्नाचीं स्वतंत्र साधनें होतीं. तेव्हां शहरची शाळा व खेड्यांतील शाळा एकाच तराजूंत घालणें म्हणजे अधिकरणभेद विसरणें होय. नैयायिक तें क्षणभरहि चालूं देणार नाहीं. विठ्ठलभाई पटेल यांच्या १९१८ च्या कायद्यानें सक्तीच्या शिक्षणाची मुभा दिली, तीहि नगरपालिकांस. लोकलबोर्डांस १९२३ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

भाषेचा प्रश्न याहून बिकट. गिरण्या व माग यांमुळें शहरांत तेलुगु विणकरांची मोठी वस्ती झाली. कानडी व उर्दू बोलणारीं कुटुंबें पूर्वींपासूनचीं. म्हणून १९६४ सालीं महानगरपालिका झालेल्या या नगरींत मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू अशा चार माध्यमांच्या शाळा सार्वजनिक खर्चानें चालत आल्या. अक्कलकोट १९४८ पर्यंत संस्थान होतें; तेथील कित्येक घरांत कानडी व कचेरींत मराठी. अशा घरचें मूल मराठी शाळेंत आलें कीं त्यास अक्षरओळखीबरोबर एक नवी भाषाहि शिकावी लागे. तें वर्षभर मागें पडलें तर पटावर त्याची नोंद ‘मंद’ अशी होणें साहजिक. परंतु तो दोष त्या मुलाचा नव्हे, आणि बहुधा त्याच्या मास्तरांचाहि नव्हे.